रेट सांगताना अडणारी जीभ : बडोद्यातल्या एका पॅनेल-वायरिंग युनिटचं प्रकरण

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या, कंट्रोल पॅनेल (यंत्रांचा वीजपुरवठा नियंत्रित करणारी खोकी) बनवणाऱ्या एका कंपनीला जागा अपुरी पडू लागली. तिने सावली तालुक्यात मंजुसरला, म्हणजे बडोदा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मोठी शेड घेतली. कामगारांसाठी बस ठेवली, पगारही थोडा वाढवला. तरी वायरिंग विभागातल्या निम्म्या बायका यायला तयार नव्हत्या. सकाळी सातला घर सोडायचं आणि संध्याकाळी साडेसातला परत यायचं, हे मांजलपूरला राहणाऱ्या, घरात शाळकरी मुलं आणि आजारी सासू असलेल्या बाईला जमणारच नव्हतं. विभागाच्या सुपरवायझर त्यांच्यापैकीच एक. मराठी, आयटीआय झालेल्या, चौदा वर्षं त्याच कंपनीत. त्यांचं नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. कंपनीतल्या गुजराती मुलीसुद्धा त्यांना ताईच म्हणत, म्हणून इथेही ताईच.

ताईंनी राजीनामा लिहून दिला, तेव्हा शेठ म्हणाले, "बेन, तमे ज लई लो ने आ काम." (तुम्हीच घ्या ना हे काम.) बेत सरळ होता. मकरपुऱ्यातच छोटा गाळा भाड्याने घ्यायचा आणि मंजुसरला न जाणाऱ्या मुलींना कामावर ठेवायचं. खोकं, माउंटिंग प्लेट, कॉन्टॅक्टर, एमसीबी, वायर सगळं कंपनी पाठवणार. ताईंनी ड्रॉइंगप्रमाणे वायरिंग करून, तपासून पॅनेल परत द्यायचं. मटेरियल पार्टीचं, मजुरी आपली. सहा महिने पुरेल एवढं काम द्यायचं शेठनी तोंडी कबूल केलं.

लहान धंद्यांचे हिशेब आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला यात खोट काढणं अवघड आहे. गिऱ्हाईक आधीच ठरलेलं, कारागीर ओळखीचे. मटेरियलमध्ये पैसा अडकणार नाही. भांडवल म्हणजे चार-पाच क्रिम्पिंग टूल, फेरूलचं (वायरींवर चढवायच्या नंबरांच्या नळ्यांचं) प्रिंटर, इन्सुलेशन तपासायचा मेगर, टेबलं आणि गाळ्याचं डिपॉझिट. मिस्टरांची विद्यापीठातली कायम नोकरी, त्यामुळे सहा महिने काही सुटलं नाही तरी घर चालेल. धंदा सुरू करायला याहून सोयीची परिस्थिती मी फारशी पाहिलेली नाही.

ताईंचं उत्तर होतं, "मला धंद्यात रसच नाही."

मिस्टरांचं आयकराचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे हे माझ्या टेबलावर आलं. "काका, तुम्ही समजावून सांगा," असं ते म्हणाले. समजावण्यावर माझा फारसा भरवसा नाही. पण त्या उत्तराने मला विचारात पाडलं.

रस नाही, की जमणार नाही?

धंदा करायची इच्छा कुठून येते, यावर बराच अभ्यास झाला आहे. त्याच्या मुळाशी अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलेला एक विचार आहे. एखादं ठरावीक काम आपल्याला करता येईल, असं माणसाला किती वाटतं, यावर तो त्या कामाला हात घालील का आणि अडचण आली तर किती टिकेल, हे ठरतं. हा स्वभावातला सर्वसाधारण धीटपणा नव्हे. सभेत बेधडक बोलणारा माणूस पोहायच्या तलावाच्या काठावर थिजू शकतो. १९९१ साली आइसेक आयझेन यांनी हेतूचं एक सूत्र मांडलं. माणसाला ती गोष्ट कितपत चांगली वाटते, आजूबाजूच्या माणसांना ती कितपत रुचते आणि ती आपल्या हातातली आहे असं त्याला किती वाटतं, या तिन्हींतून हेतू घडतो. यातली तिसरी गोष्ट बांडुरांच्या कल्पनेच्या अगदी जवळची आहे.

१९९४ साली लेंट, ब्राउन आणि हॅकेट या तिघांनी करिअरच्या संदर्भात जे मांडलं, ते या प्रकरणाला जास्त लागू पडतं. आवडच मुळात क्षमतेच्या विश्वासातून वाढते, असं त्यांचं म्हणणं. जे जमेलसं वाटतं त्याची गोडी लागते आणि जे जमणार नाही असं मनात बसतं त्यात 'रस नसतो'. तसं असेल तर 'रस नाही' हे कारण नसून परिणाम असू शकतो.

'असू शकतो' एवढंच. प्रत्येक नकाराखाली भीती शोधायची सवय वाईट आहे. पुष्कळ माणसांना धंदा खरंच नको असतो. त्यांना महिन्याच्या एक तारखेचा पगार, रविवारची सुट्टी आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर पडताच डोक्यातून जाणारं काम हवं असतं. त्यात कमीपणा काही नाही. मग ताई कोणत्या प्रकारच्या, हे कशावरून ओळखायचं?

मी त्यांना धंद्याविषयी विचारलंच नाही, कंपनीविषयी विचारलं. वायरिंग विभागात सर्वांत जास्त वेळ कुठे वाया जातो? त्यावर त्या थांबेचनात. ड्रॉइंग बदलल्याचं ऑफिसातून खाली वेळेवर कळत नाही, आणि मग केलेलं काम उसवावं लागतं. फेरूल आधी छापून क्रमाने लावून ठेवले, तर एका पॅनेलमागे अर्धा दिवस वाचतो, पण स्टोअरवाला देत नाही. नव्या मुलीला पहिले पंधरा दिवस फक्त लग (वायरच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे) दाबायला द्यावेत, लगेच चॅनेलमध्ये वायर ओढायला बसवू नये. "माझ्या हातात असतं ना, काका, तर..." हे वाक्य दोनदा आलं. रस नसलेलं माणूस असं बोलत नाही.

बडोद्याची मराठी घरं

ताईंच्या घरच्या वातावरणाबद्दल लिहायला हवं, कारण आयझेन यांच्या सूत्रातली मधली बाब, म्हणजे आजूबाजूच्या माणसांना काय रुचतं, ती तिथे आहे. बडोद्यातली बरीच मराठी घरं गायकवाडी चाकरीच्या निमित्ताने इथे आली. संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं, आणि पुढच्या पिढ्या विद्यापीठ, बँका, रेल्वे, रिफायनरी, खतांचा कारखाना अशा नोकऱ्यांत गेल्या. गंमत अशी, की हातच्या कारागिरीचं शिक्षण देणारी कलाभवनसारखी संस्था सयाजीरावांनी १८९०मध्येच याच शहरात काढली होती. हुन्नर शिकायला आपल्या लोकांची कधी ना नव्हती. हुन्नर विकायचा म्हटला की मात्र शेजारच्या पोळातल्या, म्हणजे गल्लीतल्या, गुजराती शेठकडे बघायचं, ही सवय अंगात मुरली. माझ्या स्वतःच्या घरातही 'आपलं ते काम नव्हे' हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे.

ताईंच्या सासरी धंदा केलेला माणूस एकच, धाकटे दीर. घरगुती वॉटर प्युरिफायरच्या कंपनीत ते सेल्समन होते आणि त्यांच्या विभागात सगळ्यांत पुढे. त्यांनी डिस्ट्रिब्युटरशिप घेतली, आणि दोन वर्षांत कर्जासकट बंद केली. सासूबाईंच्या सोन्याच्या चार बांगड्या त्यात गेल्या. घरात धंद्याचा विषय निघाला की कोणीतरी बांगड्या काढणारच.

बांडुरा यांनी क्षमतेच्या विश्वासाचे चार उगम सांगितले आहेत. सर्वांत जोरकस उगम म्हणजे ते काम स्वतः करून यशस्वी झाल्याचा अनुभव. त्याखालोखाल आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहणं. मग इतरांनी दिलेला भरवसा. आणि शेवटी आपल्या शरीराचे इशारे, म्हणजे छाती धडधडणं किंवा घसा कोरडा पडणं, आणि माणूस त्यांचा लावत असलेला अर्थ. ताईंच्या बाबतीत दुसऱ्या उगमाच्या जागी बुडालेले दीर होते. तिसऱ्याची तर रेलचेल होती. मिस्टर, जाऊ, जुन्या मैत्रिणी सगळ्या म्हणत, "तू सहज करशील गं." या वाक्यातून फारसं काही उगवत नाही, कारण बोलणाऱ्याने तरी ते काम कुठे केलेलं असतं?

यादी

बांडुरा यांचा सल्ला असा, की क्षमतेचा विश्वास मोजायचा तर मोघम विचारू नये. कामाचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्यापुढे शून्य ते शंभर आकडा मागावा. 'कराल का' असं न विचारता 'करू शकाल का' असं विचारावं. १९९८ साली चेन, ग्रीन आणि क्रिक यांनी उद्योजकतेसाठी असे पाच विभाग केले होते : विक्री, नवं काही करणं, व्यवस्थापन, जोखीम घेणं आणि पैशावरचं नियंत्रण. आमचं काम गाळ्याएवढं, म्हणून मी यादीही गाळ्याची केली आणि ताईंनाच आकडे भरायला सांगितले.

ड्रॉइंग वाचून पॅनेल पूर्ण करणं, पंच्याण्णव. दुसऱ्याच्या वायरिंगमधली चूक शोधणं, पंच्याण्णव. चार-पाच मुलींकडून वेळेत काम करून घेणं, नव्वद. नवी मुलगी तयार करणं, नव्वद. घाईच्या ऑर्डरला 'नाही जमणार' म्हणणं, चाळीस. कामाचा रेट काढणं, पंचवीस. तो रेट समोरच्याला तोंडाने सांगणं, पंधरा. थकलेले पैसे मागायला फोन करणं. इथे पेन थांबलं. मग दहा लिहिलं आणि खाली रेघ मारली.

हे आकडे पाहिल्यावर पहिला निष्कर्ष सोपा होता. ताईंना आत्मविश्वास नाही, असं म्हणणाऱ्या घरच्यांचं चुकत होतं. शंभरात पंच्याण्णव देणारी माणसं मला रोज भेटत नाहीत. त्यांचं अडत होतं फक्त पैशाला तोंड फुटतं तिथे. पण या दोन-तीन कामांतली धास्ती वर चढून सगळ्या धंद्यावर पसरली होती, आणि बाहेर आली ती 'रस नाही' या सभ्य शब्दांत.

दिरांना आम्ही यादी भरायला लावली नाही. पण त्यांनी ती कशी भरली असती याचा अंदाज करणं कठीण नाही. विक्रीत ते खरोखर शंभरच्या जवळ होते. तो एकच आकडा त्यांनी माल किती भरायचा, उधारी किती द्यायची, परतावा कधी मिळेल या सगळ्यांपुढे लावला. विकता येतं म्हणजे धंदा येतो, अशी त्यांची समजूत. यातही ते एकटे नाहीत. अमेरिकेत कूपर, वू आणि डंकेलबर्ग यांनी १९८८ साली २,९९४ नव्या उद्योजकांना त्यांच्या यशाची शक्यता विचारली होती. ८१ टक्क्यांनी ती दहात सात किंवा त्याहून जास्त सांगितली, आणि ३३ टक्क्यांनी दहात दहा. तयारी कच्ची असलेले लोकही पक्की तयारी असलेल्यांइतकेच निश्चिंत होते. म्हणून तरुणांचा आत्मविश्वास वाढवायचे मेळावे भरतात तेव्हा मी जरा साशंक असतो. वाढवायचा तो कशाविषयीचा, हे तिथे फारसं कोणी विचारत नाही.

ताईंच्या घरात मात्र दिरांच्या बुडण्याचा निष्कर्ष असा निघाला होता, की आपल्या माणसांना धंदा जमत नाही. वास्तविक त्यातून एवढंच निघतं, की उधारीवर माल देऊन वसुली न जमणाऱ्याला डिस्ट्रिब्युटरशिप जमत नाही.

आकडा माहीत होता

रेटपासून सुरुवात केली. 'रेट काढणं' पुढे त्यांनी पंचवीस लिहिलं होतं, ते मला पटत नव्हतं. एका मध्यम पॅनेलला किती वेळ लागतो विचारलं तर क्षणात उत्तर आलं : दोन मुली, अडीच दिवस. म्हणजे पाच रोज. साडेपाचशेच्या रोजाने २,७५०. लग, फेरूल, टाय हे किरकोळ सामान आपलं धरलं तर २५०. गाळ्याचं भाडं, वीज, हत्यारांची झीज मिळून पॅनेलमागे ६००. ताईंचा स्वतःचा तपासणीचा वेळ ७००. ४,३०० झाले. काम उसवावं लागणं, मुलींची रजा, माल उशिरा येऊन वाया गेलेला दिवस यांसाठी दहा टक्के वर. साधारण ४,७००.

हे मी सांगितलं नाही. त्या बोलत गेल्या आणि मी फक्त लिहीत गेलो. मग विचारलं, "शेठना किती सांगणार होतात?"

"बत्तीसशे."

"आणि घाई असली की कंपनी बाहेरच्या कॉन्ट्रॅक्टरला काम द्यायची ना? त्याला किती?"

यावर बराच वेळ उत्तर आलं नाही. कॉन्ट्रॅक्टरची बिलं तपासून सही करून वर पाठवायचं काम चौदा वर्षं ताईंचंच होतं. असल्या पॅनेलला पाच ते साडेपाच हजार. आकडा त्यांना पाठ होता, पण तो आपल्या कामाचा आकडा असू शकतो, हे डोक्यात आलंच नव्हतं. माहितीची कमतरता आणि विश्वासाची कमतरता वेगळ्या असतात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडणार नाही. प्रशिक्षणात कॉस्टिंग शिकवून इथे काही उपयोग झाला नसता. कॉस्टिंग त्यांना येत होतं.

गुजरातमध्ये उद्योजकता-प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६०च्या दशकात आंध्रातल्या काकिनाडा इथे व्यापाऱ्यांना यशाची ओढ वाढवण्याचं प्रशिक्षण देऊन पाहिलं. त्या विचाराचा धागा इकडच्या कार्यक्रमांतही आला आणि १९८३ साली अहमदाबादेजवळ उद्योजकता विकासाची राष्ट्रीय संस्थाही उभी राहिली. बँकांच्या स्वरोजगार संस्थांचे वर्ग आजही चालतात, आणि चांगले चालतात. पण वर्गात बसून वाढलेला विश्वास आणि पार्टीसमोर टिकणारा विश्वास यांत फरक पडतो. बांडुरांच्या क्रमात पहिलं स्थान स्वतः करून पाहण्याला आहे, ते यासाठीच.

म्हणून कामाचे तुकडे आणखी बारीक केले. शेठना थेट रेट सांगायच्या आधी ताईंनी एका दुसऱ्या, अनोळखी पार्टीला फोन करून रेट सांगायचा ठरलं. काम मिळो न मिळो. तिथे नातं नव्हतं, उपकार नव्हते. पार्टीने "जास्त आहे" म्हणून फोन ठेवला. मला वाटलं ताई खचतील. पण त्यांचं म्हणणं निराळंच. "त्याने हसं केलं नाही, काका. फक्त जास्त आहे म्हणाला." त्यांना नकाराची भीती नव्हती, हसं होण्याची होती. हे मला तोवर कळलं नव्हतं.

कॉइल वाइंडिंगवाल्या बेन

वसुलीच्या फोनला असा सराव करता येत नाही, कारण थकबाकी असल्याशिवाय मागणार काय? म्हणून तिथे बांडुरांच्या दुसऱ्या उगमाकडे वळलो. मकरपुऱ्यात कॉइल वाइंडिंगचं छोटं युनिट चालवणाऱ्या एक गुजराती बेन आहेत. त्याही पूर्वी कामगार होत्या. त्यांच्या ऑफिसात ताई एक आख्खी दुपार बसल्या, कारण दर महिन्याला त्याच सुमारास बेन वसुलीचे फोन करतात.

मला अपेक्षा होती की बेनचा रोखठोकपणा पाहून ताईंना धीर येईल. झालं वेगळं. एका मोठ्या पार्टीला फोन लावण्याआधी बेननी पाणी प्यायलं, वही उघडून बंद केली, पुन्हा उघडली. ताईंनी विचारलं, तुम्हालाही धडधडतं का? बेन म्हणाल्या, "धडके तो मारुंय छे, बेन. फोन तो करवो ज पडे." (धडधडतं तर माझंही. फोन तर करावाच लागतो.)

ताईंवर परिणाम झाला तो याचा. आपली छाती धडधडते म्हणजे आपण या कामाचे नाही, असा अर्थ त्यांनी वर्षानुवर्षं लावला होता. तीच धडधड असलेली बाई समोर फोन करून तारीख घेत होती. निरीक्षणातून शिकण्यावरच्या अभ्यासांतही असं दिसलेलं आहे, की भीतीशी झगडत काम निभावणारा माणूस पाहणं हे मुळातच निर्भय असलेल्याला पाहण्यापेक्षा शिकणाऱ्याला अधिक उपयोगी पडतं. निर्भय माणसाकडे पाहून आपण एवढंच म्हणतो, त्याचं काय, तो तसाच आहे.

मग शेठबरोबर बैठक झाली. ताईंनी ५,००० सांगितले. शेठ ४,७०० म्हणाले. ४,८०० ठरलं. पैसे किती दिवसांत, हेही कागदावर घ्या, असा माझा आग्रह होता, तो त्यांनी पाळला. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म उद्योगाला खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, असा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्याचा नियम आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागतं. अर्थात एकुलत्या एका गिऱ्हाइकावर हा कायदा दाखवायचा धीर कोणाला होतो? शेवटी फोनच करावा लागतो.

पहिलं बिल थकलंच. ताईंनी फोन केला, अकाउंटंटने पुढचा आठवडा सांगितला, त्यांनी वार विचारला. शुक्रवारी पैसे आले. पुढे मार्चमध्ये त्याच अकाउंटंटने स्वतःहून फोन करून उद्यम नंबर मागितला. आयकर कायद्यात झालेल्या बदलानुसार, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर २०२४-२५च्या आकारणी वर्षापासून खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. ताईंना याची फार गंमत वाटली.

इच्छा केव्हा आली

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो घटनांचा क्रम. गाळा घेतला तेव्हाही ताई "सहा महिने बघू, मग मंजुसरशिवाय दुसरी नोकरी बघते" असंच म्हणत होत्या. पहिल्या बिलाचे पैसे आल्यावर त्यांनी मला विचारलं, शेजारचा गाळा रिकामा होतोय, दोन्ही मिळून भाडं कमी होईल का? दुसरी पार्टी मिळवायला कुठे जायचं? एकाच गिऱ्हाइकावर राहणं बरं नाही ना? हे सगळं त्या स्वतःहून बोलू लागल्या. हातून काम पार पडलं, त्यातून जमेल असं वाटलं आणि इच्छा त्यानंतर आली. घरचे मात्र आधी इच्छा जागी करू बघत होते.

एका प्रकरणावरून फार काही सिद्ध होत नाही. कंपनी मंजुसरला गेलीच नसती, तर ताई आजही सुपरवायझर असत्या आणि सुखात असत्या. १९८२ साली शपेरो आणि सोकोल यांनी म्हटलं होतं, की माणूस रुळलेल्या वाटेवरून ढकलला गेला की उद्योगाचा पर्याय त्याला दिसू लागतो. इथे तो धक्का होताच. झाओ, सायबर्ट आणि हिल्स यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत एमबीएच्या २६५ विद्यार्थ्यांत शिक्षण, आधीचा अनुभव आणि जोखमीची आवड यांचा उद्योग करायच्या इच्छेवरचा परिणाम क्षमतेच्या विश्वासातून जाताना दिसला. पण स्त्री-पुरुषांतला फरक त्या वाटेने गेला नाही. स्त्रियांची इच्छा कमी होती, आणि त्यामागे विश्वासाची कमतरता हे कारण निघालं नाही. ताईंच्या घरी हे पाहायला मिळतं. त्यांचा विश्वास वाढला म्हणून सासूबाईंच्या औषधाची वेळ बदलली नाही. ती वेळ सांभाळायला मिस्टरांनी दुपारी घरी यायला सुरुवात केली, तेव्हाच गाळा सहापर्यंत चालू लागला. आणि मिस्टरांचा पगार नसता तर? ज्या घरात दोन महिन्यांची उधारी सोसण्याइतकेही पैसे नाहीत, तिथे शून्य ते शंभरची यादी घेऊन जाण्यात अर्थ नाही.

आज गाळ्यात चार मुली आहेत. महिन्याला वीसेक पॅनेल होतात. वर्षाचं बिल जेमतेम साडेअकरा लाख, म्हणजे जीएसटीच्या वीस लाखांच्या मर्यादेच्या आत. यादीतला वसुलीचा आकडा साठपर्यंत गेला आहे. 'घाईच्या ऑर्डरला नाही म्हणणं' मात्र अजून चाळीसलाच आहे, आणि मुली त्याची तक्रार करतात.

गेल्या महिन्यात वाघोडियातल्या एका पार्टीने नवा प्रस्ताव दिला. मजुरी नको, मटेरियलसकट पूर्ण पॅनेल द्या, महिन्याला सहा. घरात आनंद झाला. दीर तर गाडी घेऊन बघायला गेले. ताईंनी वहीत हिशेब मांडून मला दाखवला. एका पॅनेलचं मटेरियल साठ हजार, सहा पॅनेलचे तीन लाख साठ हजार. पार्टी दोन महिन्यांनी पैसे देणार, म्हणजे कुठल्याही वेळी सव्वासात लाख बाहेर अडकलेले. वर वर्षाची उलाढाल चाळीस लाखांपुढे जाणार, म्हणजे जीएसटी आला. त्यांनी पार्टीला लिहून कळवलं : मटेरियल तुमचं असेल तर याच महिन्यात सुरू करते. माझं हवं असेल तर ऑर्डरबरोबर साठ टक्के अॅडव्हान्स, आणि पहिले तीन महिने दोनच पॅनेल. हे लिहीपर्यंत पार्टीचं उत्तर आलेलं नाही.